टाकी केवढी घ्यायची? पाण्याने हवा थंड करण्याची गोष्ट

मंडळी, व्याख्यान सुरू व्हायच्या आधी बाहेर चहा घेत होतो, तेव्हा एका तरुणाने मला गाठलं. म्हणाला, "सर, गाडयेक पाण्याचो इंटरकूलर बसवूचो तर टाकी केवढी घेवची?" मी म्हटलं, आत ये, आज तीच गजाल आहे. फक्त तिची सुरुवात गाडीपासून होत नाही, जहाजापासून होते.

आधी दोन शब्द, इंटरकूलर म्हणजे काय त्याबद्दल. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालच्या बाजूला तापतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. टर्बोचार्जर हेच काम मिनिटाला लाखभर फेरे घेत करतो. बाहेरची ३३ अंशांची हवा त्यातून पूर्ण जोरावर निघते तेव्हा १४० अंशांच्या आसपास असते. तापलेली हवा विरळ, म्हणजे दाबून जे कमावलं त्यातलं बरंचसं उष्णतेत गेलं. तीच हवा ५५ अंशांवर आणली, तर तेवढ्याच दाबाला आणि तेवढ्याच जागेत साधारण पाव पट जास्त हवा बसते. हे आणण्याचं काम इंटरकूलरचं.

धुराच्या वाया जाणाऱ्या जोरावर हवा दाबायची, ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याची. पेटंट १९०५ चं. त्याला मोठं यश मिळायला वीस वर्षं लागली, आणि ते मिळालं ते मोटारीत नाही. 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर, १९२६ च्या सुमारास, त्याच्या पद्धतीने डिझेल इंजिनांची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. टर्बो पाण्यावर मोठा झाला, हे लक्षात ठेवा. कारण जहाजाला हवा थंड करायला पाणी शोधावं लागत नाही.

आता आपल्या मालवणच्या बंदरात या. सगळ्या मच्छीमार होड्यांना टर्बो नसतो, पण मोठ्या ट्रॉलरच्या इंजिनांत तो असतो आणि त्याच्यासोबत खाऱ्या पाण्यावर चालणारा कूलरही. समजा दीडशे अश्वशक्तीचं इंजिन आहे आणि जाळं ओढताना पूर्ण जोरावर चाललंय. दबलेल्या हवेतून साधारण १५ किलोवॅट उष्णता काढावी लागेल. समुद्राचं पाणी २८ अंशांचं. कूलरमधून सेकंदाला एक लिटर पाणी गेलं, तर ते ४ अंशांहून कमी तापतं आणि परत समुद्रात पडतं. झालं. समुद्राला पत्तासुद्धा लागत नाही.

पण हाच ट्रॉलर समुद्राऐवजी टाकीवर चालवायचा ठरवला तर? जाळं तीन तास ओढायचं. पाणी २० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचं नाही. हिशेब केला तर जवळजवळ दोन हजार लिटरची टाकी लागते! मासे ठेवायचे कुठे? म्हणजे जिथे काम तासन्‌तास एकाच जोराने चालतं, तिथे साठवलेल्या पाण्याला काही अर्थ नाही. उष्णता जेवढी येते तेवढी त्याच क्षणी बाहेर गेली पाहिजे. होडीवाल्याची डोकेदुखी मापाची नसतेच. ती असते खाऱ्या पाण्याची. नळ्यांत कालवं धरतात, धातू खातो. म्हणून जस्ताचा तुकडा आत बसवतात: तो गंजून संपतो आणि कूलर वाचतो. जस्त बदलायचं विसरलात तर समुद्र वसुली करतो, हे कुठलाही तांडेल सांगेल.

विमानाला समुद्र नाही. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसच्या मर्लिन ६१ इंजिनात हवा दोन टप्प्यांत दाबायची ठरली. तिथे टर्बो नव्हता, इंजिनाच्याच दांड्यावर चालणारा सुपरचार्जर होता, पण उष्णतेचा प्रश्न तोच. उत्तर असं निघालं की इंजिन थंड करणारं पाणी वेगळं आणि हवा थंड करणारं वेगळं: त्याचा पंप वेगळा, रेडिएटर वेगळा. १९४२ मध्ये हे इंजिन स्पिटफायरमध्ये बसून लढाईत उतरलं. आजच्या मोटारीतली रचना हीच आहे. इंजिनाचं पाणी ९० अंशांचं; त्याने हवा ५५ वर कशी येणार? दुसरं, गार पाणी हवंच.

मोटारवाल्यांनी मात्र मध्ये एक गंमत केली. १९६२ ची ओल्ड्समोबील जेटफायर ही टर्बो असलेल्या पहिल्या मोटारींपैकी. तिच्यात इंटरकूलर नव्हता. बाटलीतलं पाणी आणि मद्यार्क यांचं मिश्रण हवेत फवारत. बाटली संपली की जोर आपोआप कमी केला जाई. लोक भरायला विसरत. दोन वर्षांत गाडी बंद झाली. पुढे १९८६ च्या टोयोटा सेलिका जीटी-फोरमध्ये फिरत्या पाण्याचा इंटरकूलर आला. आज आपल्या चाकणला बनणाऱ्या टायगुन आणि कुशाक या गाड्यांच्या एक लिटरच्या इंजिनात तो थेट हवेच्या नळकांड्यातच बसवलेला आहे. मोठ्या नळ्या पुढे नेऊन परत आणायला नकोत, त्यामुळे पाय दाबला की जोर लवकर येतो.

आता त्या मुलाचा हिशेब करू. ११५ अश्वशक्तीच्या अशा इंजिनाला पूर्ण जोरावर सेकंदाला ८५-९० ग्रॅम हवा लागते. ती ८५ अंशांनी थंड करायची, म्हणजे साधारण ७ किलोवॅट. पंपाने मिनिटाला १० लिटर पाणी फिरवलं तर ते एका फेरीत १० अंश तापतं. इथपर्यंत ठीक.

पण हे ७ किलोवॅट किती वेळ? ओव्हरटेक करायला दहा सेकंद. चक्रात ४ लिटर पाणी असेल आणि बाहेर काहीच उष्णता गेली नाही असं धरलं, तरी पाणी चार-साडेचार अंशच तापेल. एक मिनिट पाय दाबून ठेवलात, तर २५-२६ अंश. कूलंट मिसळलं की पाण्याची उष्णता धरायची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी घटते, ते वेगळं.

"पण आंबोली घाट?" असं कुणीतरी मागून विचारतंय. छान. सावंतवाडीहून आंबोलीपर्यंत आपण सुमारे साडेसहाशे मीटर चढतो. माणसांसकट १,४०० किलोची गाडी पंचवीस मिनिटांत एवढी वर न्यायला सरासरी फक्त ६ किलोवॅट लागतात. घर्षण, वळणं, पुन्हा वेग घेणं धरून दुप्पट म्हणा. इंजिनाकडे आहेत ८५! घाटात इंजिन ओरडतं म्हणून आपल्याला वाटतं ते जिवावर आलंय, पण इंटरकूलरवरचा सरासरी भार एक-दीड किलोवॅटच्या वर जायचं कारण नाही.

मग मापं अशी बसतात: क्षणभराचा जोर पाणी सांभाळतं आणि सरासरी पुढचा छोटा रेडिएटर. ट्रॉलरला पहिल्याचा उपयोग नाही, गाडीला दोन्हींचा आहे. दहा लिटरची टाकी बसवणारे मी पाहिलेत. त्यांची गाडी पहिली काही मिनिटं गार राहते, पण एकदा तापलेलं दहा लिटर पाणी गार व्हायलाही तेवढाच जास्त वेळ घेतं.

घाटात त्रास होतो तो दुसऱ्याच कारणाने. मे महिना, पुढे दगडाने भरलेला ट्रक, गाडीचा वेग ताशी पंधरा. एसी चालू, म्हणजे त्याची जाळीही उष्णता फेकतेय. रेडिएटरवर वारा फक्त पंख्याचा. तेव्हा माप चुकतं ते रेडिएटरच्या हवेचं. त्यामुळे बाळा, तुझी टाकी तीन-चार लिटरची पुरे. उरलेले पैसे चांगल्या पंपात घाल, आणि जाळीसमोर जाहिरातीची नंबरप्लेट लावू नको.