भार कोणावर? कोसंबींचा मार्क्सवाद आणि अणुविरोध

१९३९ साली वाशीमला वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. राजाने कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी नांदेडकडचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले, त्याचे हे दानपत्र. वंशावळ संस्कृतात, पुढचा व्यवहार प्राकृतात. बहुतेक वाचक वंशावळीपाशीच थांबतात. पण प्राकृत भागात सवलतींची यादी आहे: या गावात सैनिक शिरणार नाहीत, मीठ खणले जाणार नाही, सोने-धान्य, फुले, दूध, गाईबैल, कातडी, कोळसा यांची मागणी होणार नाही. माफी नसलेल्या गावांकडून काय काय वसूल होत असे, याचा हा अप्रत्यक्ष पुरावाच. राजाच्या नावापेक्षा अशा यादीकडे आधी पाहायला दामोदर धर्मानंद कोसंबींनी शिकवले. त्यांचा मार्क्सवाद आणि अण्वस्त्रांना असलेला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. भार कोण उचलतो आणि हुकमत कोणाची, या एकाच प्रश्नातून दोन्ही आल्या, असे माझे म्हणणे आहे.

गोव्यात १९०७ साली जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले कोसंबी १९३०च्या दशकात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. प्राचीन आहत नाणी वजन करून, वापरात ती किती झिजली यावरून त्यांनी चलनाचा इतिहास मांडला. पुण्याभोवतीचे डोंगर पायी तुडवत देवींची ठाणी आणि अश्मयुगीन हत्यारे यांचा माग काढला. १९५६च्या इतिहासग्रंथात त्यांनी उत्पादनाची साधने आणि त्यांवरून जुळणारे मानवी संबंध हाच इतिहासाचा कणा मानला. मात्र मार्क्सला त्यांनी पोथी केले नाही. कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांनी आपल्या पुस्तकात प्राचीन भारत ठरीव साच्यात बसवला, तेव्हा १९४९मध्ये त्यांनी त्या पुस्तकावर कठोर टीका केली.

१९४५पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. होमी भाभांच्या याच संस्थेत भारताच्या अणुकार्यक्रमाची पायाभरणी झाली. तिथे नोकरी करत असतानाच ते जागतिक शांतता चळवळीत अण्वस्त्रबंदीसाठी बोलत राहिले. जुलै १९६०मध्ये तुर्भे येथील कॅनडाच्या मदतीने उभारलेली अणुभट्टी सुरू झाली, आणि त्याच महिन्यात पुण्याच्या रोटरी क्लबपुढे कोसंबींनी अणुऊर्जा या गरीब देशाला परवडणारी नाही, मुबलक ऊन हीच आपली खरी संपत्ती आहे, असे मांडले. सूर्याची ऊर्जा गावोगाव वापरता येते, म्हणून तिच्यावर मूठभरांची हुकमत बसत नाही, हे त्यामागचे मर्म. १९६२मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. गणितातील रीमान गृहीतकाची त्यांची चुकीची सिद्धता हे त्याचे एक कारण सांगितले जाते. ती चूक खरीच होती, पण तिच्यामुळे त्यांचा ऊर्जाविचार खोटा ठरत नाही.

आक्षेप असा की शांतता चळवळ सोव्हिएत राजकारणाचे हत्यार होती. चळवळीला मॉस्कोचे पाठबळ होते आणि रशिया-चीनबद्दल कोसंबी नको तितके उदार राहिले, हे मान्य करावेच लागेल. पण अणुवीज हा सोव्हिएत सरकारचाही अभिमानाचा विषय होता. नुसते मॉस्कोचे ऐकणारा माणूस तिच्या विरोधात उभा राहिला नसता. दुसरा आक्षेप असा की बॉम्ब वेगळा, वीज वेगळी. याचे उत्तर इतिहासाने दिले: १८ मे १९७४च्या पोखरण स्फोटातले प्लुटोनियम तुर्भ्याच्या त्याच अणुभट्टीतले होते. १९६०मध्ये सौरवीज महाग होती, हेही खरे. पण कोसंबींचा वाद त्या दिवसाच्या दराचा नव्हता. संशोधनाचा पैसा कोणत्या दिशेला जावा, हा होता; पैसा जिकडे ओतला जातो तिकडेच तंत्र स्वस्त होते.

कोसंबी १९६६मध्ये गेले. दानपत्र असो वा प्रकल्प, त्याची किंमत कोण मोजतो आणि ती ठरवताना त्याला विचारले जाते का, हे तपासायची त्यांची रीत आजही उपयोगी आहे. वाशीमच्या प्राचीन वैभवाचा अभिमान जरूर बाळगावा. पण मीठ, दूध, कोळसा पुरवणाऱ्या माणसांना त्या इतिहासात जागा दिल्याशिवाय तो अभिमान पुरता होत नाही.