एसटीची गाडी ठेक्याची झाली, मग गावच्या वेळापत्रकाचं काय?

गाडीचा रंग बदलला, ड्रायव्हर अनोळखी दिसला की गावात पहिला प्रश्न येतो, आता सकाळची गाडी येणार का? त्यासाठी आधी मालक कोण आणि वेळ ठरवणारा कोण, हे वेगळं करून बघावं लागतं.

एसटी महामंडळ काही गाड्या भाड्याने घेतं. ५१५० इलेक्ट्रिक गाड्यांचा मोठा करार याच पद्धतीचा. अशा गाडीत गाडी आणि चालक ठेकेदाराचे, वाहक एसटीचा. ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, तिकिटावर नाही. त्यामुळे गाडी भरली काय अन् रिकामी गेली काय, त्याला फरक पडत नाही. वेळा मात्र आगारच ठरवतं. म्हणून ठेकेदाराच्या माणसाशी भांडून काही उपयोग नाही, अर्ज आगारातच द्यायचा.

नाशिकची गोष्ट वेगळी. तिथली शहर बससेवा आधी एसटी चालवायची. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक आली, आणि तिच्या गाड्या त्र्यंबकेश्वर, सिन्नरकडेही जातात. इथे वेळापत्रक ठरवणारंही बदललं. एकाच रस्त्यावर दोन संस्थांच्या गाड्या असल्या की दोघांनी बसून वेळा जुळवाव्या लागतात. नाहीतर दोन गाड्या मागोमाग येतात आणि पुढे दोन तास रस्ता मोकळा.

खरी गोम धावण्याच्या वेळेत असते. समजा गाव तालुक्यापासून २४ किमी. कागदावर एका बाजूला ४० मिनिटं, दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं थांबा, म्हणजे फेरी १०० मिनिटांची. पण रस्ता खड्ड्यांचा, मधे सात थांबे, बाजाराच्या दिवशी टोपल्या-पोती चढवायची. लागतात ५५ मिनिटं. एका फेरीला अर्धा तास उशीर. तिसरी फेरी संपेस्तोवर दीड तास. चहा-पाणी सोडून गाडी ओढली तरी फेरीमागे दहा मिनिटं जातातच. कॉलेज सुटल्यावर मुली स्टँडवर ताटकळतात त्या यामुळेच. कागदावर सहा फेऱ्या दाखवण्यापेक्षा वेळेवर येणाऱ्या पाच बऱ्या. नवा चालवणारा आला की जुन्या वेळा तशाच उचलल्या जातात, तेव्हाच खरी धावण्याची वेळ मोजून घ्यायला हवी. गावाने आठवडाभर गाडी येण्या-जाण्याची वेळ वहीत लिहिली तरी पुरावा तयार होतो.

दुसरी अडचण मुक्कामी गाडीची. डिझेलची गाडी रात्री गावात थांबायची अन् सकाळी सहाला निघायची. इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंग लागतं, ते गावात नाही. मग ती रात्री परत जाणार आणि पहाटे रिकामी येणार, किंवा सकाळची पहिली फेरीच उशिरा लागणार. दवाखान्याला, कोर्टाला, दूध डेअरीच्या कामाला जाणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. अशा मार्गावर मुक्कामाला डिझेलची गाडीच ठेवा, अशी मागणी करण्यात काही चूक नाही.

फेरी बंद करताना भारमान कमी असल्याचं कारण दिलं जातं. यात एक खोच आहे. पासवाल्या मुलांचं त्या फेरीत तिकीट फाटत नाही, बारावीपर्यंतच्या मुलींना तर अहिल्यादेवी होळकर योजनेत पास मोफत. त्यामुळे पोरांनी खच्चून भरलेल्या गाडीचंही उत्पन्न कमी दिसतं. मुख्याध्यापकांकडून पासधारकांची यादी आणि शाळा भरण्या-सुटण्याची वेळ लेखी घ्या, अर्जाला जोडा.

अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, सोबत ग्रामसभेचा ठराव, प्रत विभाग नियंत्रकांना. "गाडी सुरू करा" एवढंच लिहू नये. कुठल्या थांब्यावर किती वाजता, कुठल्या गाडीला जोड मिळाली पाहिजे, शेजारची कोणती दोन गावं त्याच फेरीत घेता येतील, हे लिहावं. पोहोच घ्यायला विसरू नका. एसटीने जुलै २०२४ मध्ये प्रवासी राजा दिन सुरू केला, त्यात विभाग नियंत्रक आगारात येऊन तक्रारी ऐकतात. आपल्या आगाराची पुढची तारीख स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाला विचारावी. वेळा बदलून घ्यायच्या तर शाळा उघडायच्या आधी, मे महिन्यातच अर्ज गेलेला बरा.