चालत्या कामात हात घालणाऱ्या क्लासची कुळकथा

मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये डॉटनेट ३.० बरोबर विंडोज वर्कफ्लो फाउंडेशन आणले; वर्कफ्लो म्हणजे पायरीपायरीने चालणारी कामाची प्रक्रिया. त्यात ‘वर्कफ्लोचेंजॲक्शन’ नावाचा एक ॲबस्ट्रॅक्ट बेस क्लास होता. चालू वर्कफ्लोत काम घालणारा आणि त्यातून काम काढणारा, हे दोन्ही क्लास त्याच्याच कुळातले. लवचिकतेची सोय म्हणून त्याची ओळख करून दिली जाते. मला मात्र त्याचा उगम धास्तीत दिसतो. १९९५ मध्ये एलिस, केद्दारा आणि रोझेनबर्ग यांनी वर्कफ्लो चालू असताना तो बदलण्यातल्या धोक्यावर शोधनिबंध लिहिला. समजा, आधी बिल आणि मग माल असा क्रम आहे, आणि तो मध्येच उलटवला. ज्या ऑर्डरचे बिल झाले आहे पण माल निघालेला नाही, तिची पुढची पायरी आता पुन्हा बिलाचीच. ग्राहकाला दोन बिले, माल शून्य! जुना आराखडा बरोबर, नवाही बरोबर. घोळ होतो तो सांध्यात.

तो सांधा तपासायचा तर बदल ही स्वतंत्र वस्तू हवी. वरच्या क्लासने नुसते नाव सांगावे आणि काम खालच्याने करावे, ही रीत ओस्लोच्या सिम्युला ६७ या प्रोग्रामिंग भाषेपासूनची. कृतीलाच ऑब्जेक्ट करण्याची युक्ती १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाने रूढ केली. या क्लासने दोन्ही उचलल्या. बदल तपासणे आणि लागू करणे, दोन्ही मेथड वंशजांनी लिहायच्याच. काढायचे काम त्या क्षणी चालू असेल, तर तपासणीतच नकार मिळतो. शिवाय बदल आधी वर्कफ्लोच्या प्रतीवर होतात, आणि लागू झाले की वर्कफ्लोवर नजर ठेवणाऱ्या ट्रॅकिंगमध्ये त्यांची नोंद पडते.

यावर कोणी म्हणेल, जुनी कामे जुन्या नियमाने संपू द्या, नव्यांना नवा नियम लावा. दोन दिवसांच्या कामाला हे ठीक. पण कर्जाची प्रक्रिया महिनोन्‌महिने चालते आणि कायदा तेवढा थांबत नाही. दुसरा आक्षेप जड आहे: २०१० च्या डॉटनेट ४ मध्ये वर्कफ्लो फाउंडेशन नव्याने लिहिले गेले आणि त्या नव्या रूपात ही सोयच नव्हती. म्हणजे ती अनावश्यक होती का? तसे असते तर २०१२ मध्ये डॉटनेट ४.५ ने ती परत आणली नसती. परतताना क्लासचे ते कुळ आले नाही. जुन्या-नव्या आराखड्यांची सांगड घालणारा ‘अपडेट मॅप’ आला. तेव्हा ॲबस्ट्रॅक्ट क्लासच हवा, हा हट्ट टिकत नाही, हे मान्य. पण मॅपही आधीच तयार करावा लागतो, आणि न जुळणाऱ्या चालू कामाला तोही नकारच देतो.