वजन उतरवण्यासाठी पाणी तोडताय? पैलवान पोरं आणि पालकांनी हे वाचाच

आजरा : शालेय कुस्ती स्पर्धा जवळ आल्या की तालमीत एकच चर्चा, गटात बसायला किती उतरवायचं? मग आदल्या दिवशी पाणी बंद, जेवण बंद, अंगात दोन-दोन स्वेटर घालून पळणं. काट्यावर दोन किलो कमी दिसतात, पण ती चरबी नसते, अंगातलं पाणी असतं. रक्त दाटतं, हृदयावर ताण येतो आणि ऐन कुस्तीत पायात गोळे येतात.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या फायनलला पोचली होती. रात्रभर धडपडूनही सकाळी १०० ग्रॅम जादा भरली आणि बाद झाली. डॉक्टर, आहारतज्ज्ञ दिमतीला असताना ही गत, तर गावाकडच्या पंधरा वर्षांच्या पोराचं काय?

अमेरिकेत १९९७ साली महिनाभराच्या अंतरात कॉलेजचे तीन मल्ल असंच घाम काढून वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे नियम आला : आठवड्याला अंगाच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त घट नको. ६० किलोच्या मल्लाला हे ९०० ग्रॅम होतात. म्हणजे तीन किलोसाठी चार आठवडे आधी लागायला हवं. तेही वडापाव, फरसाण, गोड, कोल्ड्रिंक तोडून. भाकरी, डाळ, अंडी, दूध तोडून नव्हे. आणि पोरगं उंचीला लागलं असेल तर वजन वाढणारच, त्याला सरळ वरच्या गटात खेळवा. वस्तादांनीच हे ठरवायला हवं, पोरं स्वतःहून म्हणणार नाहीत. मुलींची पाळी चुकायला लागली तर खाणं कमी पडतंय असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांच्या नादाला तर लागूच नका. त्या उत्तेजक चाचणीत बंदी असलेल्या आहेत आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतात.

आजऱ्याच्या पावसाळ्यात गारव्यामुळे तहान लागत नाही, हीच खरी फसगत. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग नीट थंड होत नाही आणि पाणी जातच राहतं. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर सव्वा ते दीड लिटर पाणी पुढच्या दोन-चार तासांत थोडंथोडं प्या. मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबतही चालतं. एका दमात लिटरच्या लिटर ढोसू नका, रक्तातलं मीठ पातळ होतं. लघवी फिकट पिवळी असली की ठीक, गडद झाली की पाणी कमी पडतंय.

सरावात पोरगं बरळायला लागलं, उलटी झाली, अंग तापलं तर सराव तिथंच थांबवा. सावलीत न्या, कपडे उतरवा, अंगावर गार पाणी ओता आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.