दादीची 'खबर' आणि आमचा 'नक्को'

शब-ए-बरातला आमची दादी म्हणायची, "दादा के खबर पो फूल डालके आओ." परक्याला वाटावं, बातमीवर कशी फुलं वाहायची? तिला म्हणायचं असे 'कबर'. उर्दूत घशातून उच्चारतात तो 'क' दख्खनीत 'ख' होतो. कलमचं खलम, कबरची खबर. एका मोठ्या शहरातल्या मुशायऱ्यात माझ्या तोंडून असाच 'ख' गेला आणि पहिल्या रांगेत हशा पिकला. त्यानंतर बरीच वर्षं मी चारचौघांत दख्खनी बोलणं टाळलं.

खरं तर ती काही बिघडलेली उर्दू नव्हे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा सैनिक, कारागीर, सूफी यांच्यासोबत दिल्लीकडची बोली इकडे आली. १३४७ मध्ये बहामनी राज्य दिल्लीपासून वेगळं झालं आणि ही बोली मराठी, कानडी, तेलुगूच्या शेजारात वाढली. आमचं अहमदपूर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं. असा शेजार आम्हाला घरचाच.

मॉरिस स्वॉडेश या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं हात, पाणी, दोन, नाही अशा मूळ शब्दांची यादी केली होती. भाषा बाकीचे शब्द सहज उसने घेते, हे मात्र सहसा सोडत नाही, असं त्याचं म्हणणं. दख्खनीत हात, पानी, दो जागच्या जागी राहिले. पण नकार? उर्दूतला 'मत' मागे पडला, आणि मराठीचा 'नको' आला तो 'नक्को' होऊन. जुन्या दख्खनी काव्यातही तो भेटतो. ठासून सांगायचा 'च'सुद्धा मराठीचाच: मैंच, ऐसाइच. शेजारणीकडून विरजण आणावं तसे हे शब्द आले असणार, चुलीपाशी, लेकरांना दटावताना. दरबारातून 'नक्को' येत नसतो.

मराठीनं फारसी-अरबीतून घेतलं ते बहुधा कचेरीतून नि पेठेतून: अर्ज, वकील, जमीन, बाजार. घेताना 'जमीन'चा 'ज' जात्यातल्या 'ज'सारखा करून टाकला. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. काही रुजले, पण वकील वकीलच राहिला. मराठीच्या या उच्चाराला कुणी हसत नाही. दादीच्या 'खबर'ला तेवढं हसतात!

माझी नात इंग्रजी शाळेत जाते. 'कबर' अगदी चोख म्हणते. ताटात दुसरी भाकरी टाकली की मात्र ओरडते, "नक्को दादा, बसच!"