पापनिवेदन

पापनिवेदन : आपल्या हातून घडलेले पाप देवासमोर मान्य करणे, त्याबद्दल मनापासून पश्चात्ताप करणे आणि देवाने देऊ केलेली क्षमा स्वीकारणे, असे हे ख्रिस्ती श्रद्धाजीवनातील त्रिविध आचरण आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेत ते सात संस्कारांपैकी एक असून त्याला प्रायश्चित्त संस्कार असे म्हणतात. गोव्यातील कोकणी भाविक त्यालाच ‘कुमसार’ म्हणतात. ऑर्थोडॉक्स परंपरेतही त्याला संस्काराचे स्थान आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये पापकबुली मुख्यतः सामुदायिक उपासनेत आणि वैयक्तिक प्रार्थनेत केली जाते. पाप कोणासमोर सांगावे आणि क्षमा कोणाच्या तोंडून ऐकावी, याविषयी या परंपरांमध्ये मतभेद आहेत. परंतु क्षमा ही ख्रिस्ताच्या क्रूसावरील बलिदानामुळे मिळणारी कृपा आहे आणि कबुली ही तिची किंमत नव्हे, यावर त्या सर्वांचे एकमत आहे.

संकल्पना

ख्रिस्ती विचारात पाप म्हणजे केवळ नियमभंग नव्हे. देवाशी आणि शेजाऱ्याशी असलेले नाते त्यामुळे दुखावते. म्हणून पापनिवेदनात चुकांची यादी वाचून दाखवणे पुरेसे ठरत नाही. दुखावलेल्या नात्याकडे परत येणे हा त्याचा गाभा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील एदेन बागेच्या कथेत देवाने विचारणा करताच आदाम हव्वेकडे बोट दाखवतो आणि हव्वा सर्पाकडे. दोघांनीही घडलेली गोष्ट नाकारलेली नाही, पण दोष मात्र दुसऱ्याच्या माथी मारला आहे. प्रामाणिक कबुली नेमकी येथेच वेगळी पडते. तिच्यात पापाला त्याच्या नावाने संबोधले जाते, ज्याचे नुकसान झाले त्याचा विसर पडू दिला जात नाही आणि परिस्थितीची सबब पुढे केली जात नाही.

परंपरेने पश्चात्तापाचे दोन प्रकार मानले आहेत. देवाच्या प्रेमाचा अवमान झाला या जाणिवेतून होणारा पश्चात्ताप हा पूर्ण, तर शिक्षेच्या भयातून किंवा पापाच्या किळसेतून होणारा तो अपूर्ण. कॅथलिक शिकवणुकीनुसार अपूर्ण पश्चात्तापानेही मनुष्य संस्काराच्या दारापर्यंत येऊ शकतो. भीतीपोटी आलेल्यालाही परत पाठवले जात नाही, ही या शिकवणुकीतील माणुसकीची बाजू आहे.

बायबलमधील आधार

जुन्या करारातील लेवीय पुस्तकात प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक जिवंत बोकडाच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापे कबूल करतो आणि बोकड रानात सोडला जातो. गणना पुस्तकातील नियम अधिक व्यवहारी आहे : ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले, त्याने पाप कबूल करावे, पूर्ण भरपाई द्यावी आणि वर तिचा पाचवा हिस्सा अधिक द्यावा.

कबुलीचे सर्वांत बोलके उदाहरण दावीद राजाचे आहे (२ शमुवेल ११–१२). त्याने उरीया या आपल्याच सैनिकाच्या पत्नीला वाड्यात आणले आणि ते झाकण्यासाठी उरीयाला लढाईच्या तोंडी देण्याचा आदेश लिहिला. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती सेनापतीकडे धाडले. पुढे नाथान संदेष्टा राजापुढे आला आणि त्याने एका गरिबाची गोष्ट सांगितली. त्या गरिबाजवळ एकच मेंढी होती, ती त्याच्या ताटातले खाई आणि त्याच्या कुशीत निजे. शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद संतापला आणि त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा सुनावून बसला. तो श्रीमंत तूच आहेस, असे नाथानाने सांगताच दावीदाने एका वाक्यात पाप पदरी घेतले. नाथानानेही त्याच क्षणी क्षमा जाहीर केली, मात्र कृत्याचे परिणाम टळले नाहीत. क्षमा मिळाली म्हणजे परिणामांतून सुटका झाली असे नव्हे, हा धडा येथे स्पष्ट आहे. स्तोत्र ५१ परंपरेने याच प्रसंगाशी जोडले जाते.

नव्या करारात येशू पक्षाघाती माणसाला बरे करण्याआधी त्याच्या पापांची क्षमा करतो. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा कबुलीची वाक्ये मनाशी जुळवत घरी निघतो, पण तो दूर असतानाच बाप धावत येऊन त्याला मिठी मारतो. मुलाचे बोलणे संपण्यापूर्वीच बाप उत्तम झगा आणि अंगठी आणायला सांगतो. मंदिरात मान खाली घालून छाती बडवणारा जकातदार आणि लुबाडलेले चौपट परत करणारा जक्कय यांच्या कथाही लूकनेच सांगितल्या आहेत. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा व ती रोखून धरण्याचा अधिकार दिला, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरा धर्मगुरूच्या भूमिकेचा मुख्य आधार येथेच शोधतात. याकोबाचे पत्र एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगते, तर योहानाचे पहिले पत्र कबुली देणाऱ्याला क्षमेची खात्री देते. प्रॉटेस्टंट शिकवणुकीत या दोन्ही वचनांना विशेष महत्त्व आहे.

ऐतिहासिक विकास

प्रारंभीच्या ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा हाच पापक्षमेचा मुख्य विधी होता. बाप्तिस्म्यानंतर गंभीर पाप घडल्यास काय करावे, हा प्रश्न दुसऱ्या शतकापासून तीव्र झाला. ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने पश्चात्तापाची आणखी एक संधी मान्य केली. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसच्या आदेशानुसार अनेक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने देवतांना बळी अर्पण केले. छळ ओसरल्यावर त्यांना परत घ्यावे की नाही, यावरून वाद पेटला. नोव्हेशियनच्या कठोर पंथाने त्यांना दार बंद केले. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी मात्र दीर्घ प्रायश्चित्तानंतर पुनःप्रवेशाचा मार्ग धरला आणि तोच पुढे रूढ झाला.

त्या काळचे प्रायश्चित्त जाहीर असे. खून, व्यभिचार किंवा धर्मत्याग करणाऱ्यांचा वेगळा गट केला जाई. ते उपवास करीत, पवित्र भोजनापासून दूर राहत आणि मुदत संपल्यावर बिशप त्यांच्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा सामावून घेत. ही संधी आयुष्यात एकदाच मिळत असल्याने अनेक जण ती मृत्युशय्येपर्यंत लांबणीवर टाकीत. इ. स. ४५९ मध्ये पोप लिओ पहिले यांनी पश्चात्तापी व्यक्तींची पापे लेखी स्वरूपात जाहीर वाचून दाखवण्यास मनाई केली.

सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासीयांनी वेगळी वाट पाडली. तेथे पाप खासगीत सांगितले जाई, हवे तितक्या वेळा सांगता येई आणि प्रत्येक पापासाठी ठरावीक प्रायश्चित्त नेमलेले असे. कोलंबानस (मृत्यू ६१५) आणि त्यांच्या अनुयायांनी ही पद्धत युरोपात नेली. तिच्यामुळे क्षमा सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, पण पापांचे दरपत्रक बनवण्याची वृत्तीही बळावली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने जाणत्या वयातील प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे असा दंडक घातला.

मध्ययुगाच्या अखेरीस दंडमाफीपत्रांचा व्यापार सुरू झाला. त्याविरुद्ध मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये ९५ प्रबंध मांडले. ख्रिस्ती माणसाचे अवघे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, असा त्यांतील पहिल्याच प्रबंधाचा आशय आहे. ल्यूथर यांनी खासगी कबुली रद्द केली नाही. त्यांच्या १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत तिचा विधी आहे आणि १५३० च्या ऑग्सबर्ग श्रद्धाप्रकटनातही ती कायम आहे. त्यांनी नाकारली ती सक्ती आणि प्रत्येक पाप मोजून सांगण्याची अट. उलट १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पश्चात्ताप, निवेदन आणि प्रायश्चित्तकर्म हे संस्काराचे तीन घटक ठरवून गंभीर पापे एकेक सांगणे आवश्यक मानले. पुढे मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांच्या पुढाकाराने मध्ये जाळी असलेला लाकडी पापनिवेदनकक्ष प्रचारात आला. पाप ऐकणारा आणि सांगणारा यांच्यात मर्यादा राखणे हा त्यामागचा हेतू होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७३ मध्ये नवा विधिग्रंथ आला. त्यात वैयक्तिक विधी, सामुदायिक प्रार्थनेसह वैयक्तिक निवेदन आणि अपवादात्मक संकटात सामूहिक पापमुक्ती असे तीन प्रकार आहेत. क्षमेबरोबर समेटावर भर देणे हे या सुधारणेचे वैशिष्ट्य होय.

कॅथलिक विधी

भाविक आधी आत्मपरीक्षण करतो. मग जाळीआड गुडघे टेकून किंवा धर्मगुरूंसमोर बसून क्रूसाची खूण करतो, मागचे पापनिवेदन केव्हा केले ते सांगतो आणि आपली पापे बोलून दाखवतो. धर्मगुरूंच्या गळ्यात जांभळी पट्टी असते. ते गरज पडल्यास एखादा प्रश्न विचारतात, थोडा उपदेश करतात आणि प्रायश्चित्त नेमून देतात. ते बहुधा काही प्रार्थना, बायबलवाचन किंवा एखादे परोपकाराचे काम असते. भाविक पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो. त्यानंतर धर्मगुरू हात पुढे करून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. सारा विधी काही मिनिटांत आटोपतो. मुले पहिल्या ख्रिस्तप्रसादापूर्वी पहिले पापनिवेदन करतात. प्रौढांची रीघ उपवासकाळात, विशेषतः पवित्र सप्ताहाच्या आधी लागते. फ्रान्समधील आर्स या खेड्यात धर्मगुरू जाँ व्हियाने (१७८६–१८५९) पापनिवेदन ऐकण्यासाठी दिवसाचे कित्येक तास बसत आणि दुरून येणारे लोक त्यांच्यासाठी थांबून राहत.

इतर परंपरा

ऑर्थोडॉक्स विधीत भाविक ख्रिस्ताच्या प्रतिमेकडे तोंड करून उभा राहतो. धर्मगुरू त्याच्या बाजूला साक्षीदार म्हणून असतात आणि शेवटी त्याच्या डोक्यावर आपली पट्टी ठेवून क्षमेची प्रार्थना करतात. येथे पापाकडे आजार म्हणून आणि प्रायश्चित्ताकडे औषधोपचार म्हणून पाहण्याची दृष्टी प्रबळ आहे. अँग्लिकन उपासनेत सारी मंडळी एकत्र पापांगीकार म्हणते आणि धर्मगुरू क्षमेची घोषणा करतात. जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीत लहान गटांतील सदस्य दर आठवड्याला एकमेकांना आपल्या पतनाचा हिशेब देत. विसाव्या शतकात जर्मन लुथेरन धर्मशास्त्रज्ञ डिट्रिच बोनहोफर यांनी विश्वासू बांधवासमोर पाप बोलून दाखवण्याचे महत्त्व पुन्हा मांडले. एकट्याने कबुली देताना माणूस स्वतःलाच क्षमा करून मोकळा होण्याचा धोका असतो, असा त्यांचा मुद्दा होता.

गोपनीयता

पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करू नये, असा कॅथलिक धर्मनियम आहे. ती थेट फोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांमुळे हा नियम कठोर प्रश्नांना सामोरा गेला आहे. ऑस्ट्रेलियातील शाही चौकशी आयोगाने २०१७ मध्ये अशी माहिती कळवणे धर्मगुरूंनाही बंधनकारक करण्याची शिफारस केली. भारतात २०१८ मध्ये केरळमधील एका प्रकरणात, कबुलीत सांगितलेल्या गोष्टींचा वापर करून एका स्त्रीचे शोषण केल्याचा आरोप झाला आणि राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. ख्रिस्ती संस्थांनी तिला विरोध केला. विश्वासाने उघडे केलेले मन हे दुसऱ्याच्या हातचे शस्त्र होऊ शकते, म्हणून ऐकणाऱ्याची नीतिमत्ता हा या आचरणाचा अविभाज्य भाग आहे.

महाराष्ट्र आणि गोवा

इंग्लंडहून आलेले येशूसंघीय थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. मानवाचे पतन ते ख्रिस्ताने केलेले तारण ही कथा त्यामुळे येथील श्रोत्यांना ओळखीच्या पुराणरूपात ऐकता आली. एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजी यांनी ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात धर्मांतरापर्यंतची आपली मनःस्थिती उघडपणे लिहिली. पंडिता रमाबाई यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये आध्यात्मिक जागृती झाली. तेथील मुली व स्त्रिया रडत, मोठ्याने प्रार्थना करीत आपली पापे कबूल करू लागल्या. समाजाने टाकलेल्या या स्त्रियांना तोवर दुसऱ्यांच्या दोषांचेच ओझे वाहावे लागले होते. स्वतःच्या जीवनाची जबाबदारी देवासमोर स्वतः घेण्याचा हा अनुभव त्यांच्यासाठी वेगळ्या अर्थाने मुक्तीचा होता.

क्षमेचा स्वीकार

पाप मान्य करूनही क्षमा न स्वीकारणे ही या वाटेवरील मोठी अडचण आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदा इस्कर्योत निरपराध माणसाचा घात केल्याचे कबूल करतो, चांदीची नाणी मंदिरात फेकतो आणि निराशेने जीव देतो. पेत्रानेही येशूला तीनदा नाकारले होते. तो रडला, पण शिष्यांना सोडून गेला नाही. पुढे समुद्रकाठी येशूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि तीनदा मेंढरे सोपवली.

धर्मसुधारणेच्या वादात परस्परविरोधी बाजूंना असलेले दोन पुरुष या संकटातून गेले होते. एर्फुर्टच्या मठात तरुण ल्यूथर आपले गुरू योहान फॉन स्टाउपित्झ यांच्यापुढे तासन्‌तास पापे सांगत आणि तरीही अस्वस्थच राहत. इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ मध्ये माँतसेरात येथे तीन दिवस चाललेले लेखी पापनिवेदन केले, पण पुढे मानरेसा येथे काहीतरी सांगायचे राहिले या शंकेने त्यांचा इतका छळ केला की आत्महत्येचे विचार येऊ लागले. शेवटी जुनी पापे पुन्हा उगाळायची नाहीत असा निश्चय त्यांनी केला. ल्यूथर यांना शांती लाभली ती देवाचे नीतिमत्त्व विश्वासाने दान म्हणून मिळते हे उमगल्यावर. दोघांनाही आपल्या कबुलीच्या पूर्णतेवरचा भरवसा सोडून देवाच्या दयेवर विसंबावे लागले.

क्षमा खरोखर स्वीकारली गेली की नाही, हे पुढील वागण्यातून दिसते. प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे मागितलेली क्षमा आपण इतरांना केलेल्या क्षमेशी जोडलेली आहे. वेदीवर अर्पण आणताना भावाचा आपल्यावर रोष आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे येशूने शिकवले. म्हणून चोरलेले परत करणे, खोट्या आरोपाने गेलेली अब्रू भरून देण्याचा प्रयत्न करणे आणि गुन्हा घडला असल्यास कायद्याला सामोरे जाणे, या गोष्टींपासून पापनिवेदन कोणाला सूट देत नाही. ज्याला क्षमा मिळाली आहे, त्याला लपवण्यासारखे काही उरत नाही. त्यामुळेच तो ही भरपाई शिक्षेच्या धाकाने न करता मोकळ्या मनाने करू शकतो.