पापण्यांची पाल : एका ‘पुनर्शोधा’चा इतिहास

१८६६ साली आल्फाँस गिशनो या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने न्यू कॅलेडोनियातील एका पालीचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्यांवर पापण्यांसारखी काट्यांची झालर, म्हणून तिचे जातिनाम ‘सिलिएटस’. दक्षिण पॅसिफिकमधील हा द्वीपसमूह फ्रान्सने १८५३ मध्ये ताब्यात घेतला होता. आधी भूमी दप्तरी दाखल झाली, मग तिच्यावरचे जीव. वसाहतींच्या निसर्गेतिहासाचा हा नेहमीचाच क्रम. पुढे नमुने मिळेनासे झाले आणि ही पाल नामशेष झाली असे धरले गेले.

१९९४ मध्ये एका वादळानंतर रॉबर्ट साइप यांच्या मोहिमेला ती ‘आयल ऑफ पाइन्स’ या बेटावर जिवंत आढळली. या घटनेला सर्वत्र ‘पुनर्शोध’ म्हटले जाते, आणि शंकेची पाल चुकचुकते ती याच शब्दापाशी (वाक्प्रचार इथे जरा जास्तच शब्दशः लागू पडतो, असो). पाल तर रानात होतीच. हरवली होती ती नोंद. एखादी पोथी कुणाच्या देव्हाऱ्यात रोज पूजली जात असावी आणि सूचीकाराने तिच्यापुढे ‘अनुपलब्ध’ असा शेरा मारावा, तसेच हे.

यानंतरचा इतिहास मात्र रानात घडला नाही. तो अंड्यांत घडला. आपल्या भिंतीवरच्या पालीचे अंडे टणक, चुनखडी कवचाचे असते. हिचे कवच चामड्यासारखे मऊ. मादी एका वेळी साधारणपणे दोन अंडी ओलसर मातीत पुरते. ती ओलावा शोषून फुगत जातात. एका समागमानंतर शुक्राणू साठवून ती पुन्हा पुन्हा अशी जोडी घालू शकते. ओलसर भुशाचा एक डबा आणि खोलीचे सौम्य तापमान मिळाले, की दोन-तीन महिन्यांत पिल्ले बाहेर येतात. खास यंत्राची गरज बहुधा लागतच नाही. या साधेपणामुळेच नव्वदच्या दशकात बेटाबाहेर नेलेल्या थोड्या पालींपासून काही वर्षांतच युरोप-अमेरिकेतील घराघरांत पोहोचणारी प्रजा निर्माण झाली. सव्वाशे वर्षे जी केवळ शास्त्रीय वाङ्मयात होती, ती पाळीव प्राण्यांच्या बाजारातील सर्वांत परिचित पालींपैकी एक झाली.

ही विपुलता म्हणजे संरक्षण, असा युक्तिवाद संगोपक करतात. मला तो पटत नाही. काचपेटीत जोड्या लावल्या जातात त्या रंग आणि ठिपके पाहून. पूर्वज कोणत्या बेटावरचे, कोणत्या रानातले, हे बहुधा कुणी लिहून ठेवत नाही. पाठभेदांची सरमिसळ झालेल्या प्रतीवरून मूळ संहिता सिद्ध करता येत नाही, हे संपादनशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. इकडे न्यू कॅलेडोनियात बाहेरून आलेले उंदीर आणि चिमुकल्या आगमुंग्या पसरत आहेत. जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही पाल ‘असुरक्षित’ या वर्गात मोडते. आणि त्या यादीत मोजल्या जातात त्या रानातल्याच पाली.